थांबण्याची विद्या

शत्रु आणि रोग हे लहान आहेत तोंच त्यांचा निकाल लावावा, ही शिकवण आमच्या घराघरांतून इतकी मुरलेली आहे कीं तिच्याविषयीं कोणी शंका घेईल असें सहसा मनांत येत नाहीं. जुन्या सुभाषितकारांनीं कर्ज आणि विस्तव ह्यांच्या पंक्तीस रोगालाही आणून बसविलें तें ह्याच बुद्धीनें. अशा संस्कारांत वाढलेल्या एखाद्या साठी ओलांडलेल्या गृहस्थास डॉक्टरांनीं जर सांगितलें कीं, तुम्हांस कर्करोग आहे, पण तूर्त आम्ही कांहीं करणार नाहीं, सहा महिन्यांनीं रक्त तपासून पुन्हां या, तर त्या घरांत काय होईल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. मुलगा म्हणेल, डॉक्टर बदलूं. जांवई म्हणेल, पैशाकडे पाहूं नका. आणि ज्याच्या देहाचा हा प्रश्न आहे तो गृहस्थ बहुधा गप्प बसून राहील. कर्करोग आहे म्हणावयाचें आणि औषध मात्र द्यावयाचें नाहीं, हा एक तर निष्काळजीपणा असला पाहिजे, नाहीं तर आपल्यापासून कांहीं तरी लपविलेलें असलें पाहिजे, असेंच सर्वांस वाटेल.

असा सल्ला आज जगांतील उत्तम वैद्यक संस्थांतून दिला जातो, आणि तो पुरुषांच्या एका विशिष्ट कर्करोगाच्या सौम्य अवस्थेपुरता आहे. मूत्राशयाच्या तोंडाशीं, गुदाच्या पुढच्या बाजूस, अक्रोडाएवढी एक ग्रंथि पुरुषास असते व तिच्या मधून मूत्रमार्ग जातो. डॉक्टर मंडळी तिला प्रोस्टेट म्हणतात. आमच्या मराठी वैद्यक ग्रंथांतून तिला अष्ठीला ग्रंथि असें नांव आहे. उतारवयांत ती बहुतेक पुरुषांची वाढते, रात्रीं चार वेळां उठावें लागतें, लघवी तुंबते. हा झाला वार्धक्याचा साधा विकार, आणि त्याचा कर्करोगाशीं गोंधळ करतां कामा नये. परंतु ह्याच ग्रंथींत कर्करोगही होतो. आणि तो अल्प व मंद असल्यास ताबडतोब शस्त्र चालवावें, किरणांचा शेक द्यावा, कीं नुसती पाळत ठेवावी, हा आजचा वाद आहे.

आम्ही वैद्य नव्हों; इतिहास शिकविणें हा आमचा व्यवसाय. तेव्हां अमुक रोग्यानें अमुक करावें असें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण वैद्यकासारखी धडाडीची विद्या हात आवरावयास कशी शिकली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. त्याचें उत्तर लंडन, बाल्टिमोर, टोरांटो अशा दूरच्या शहरांतून शोधावें लागतें. तरी त्या उत्तराची परीक्षा मात्र आम्ही ठाणें जिल्ह्यांतील किन्हवलीसारख्या गांवीं करणार आहों. शहापूर व मुरबाड ह्या दोन तालुक्यांच्या मुलखांतील हें बाजाराचें गांव. भोंवतीं भाताचीं खाचरें, वाड्या, आदिवासी पाडे, आणि पलीकडे माहुलीचे सुळके. मोठ्या रुग्णालयाच्या दारांत राहणाऱ्यास जो सल्ला शहाणपणाचा असतो, तोच येथें तसाच राहतो काय, हें पाहिल्यावांचून ह्या वादाचा निकाल पुरा होत नाहीं.

प्रथम प्राचीनांकडे वळूं. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे प्रकार सांगतांना वाताष्ठीला नांवाचा विकार वर्णिला आहे. मलमार्ग आणि बस्ति ह्यांच्या मध्यें गोट्यासारखी कठीण, उचललेली गांठ होते आणि तिच्यामुळें मल, मूत्र व वायु अडतात, असें तो म्हणतो. जागा आणि लक्षण दोन्ही इतकीं जुळतात कीं मागाहून मराठीनें ह्या ग्रंथीस अष्ठीला हें नांव दिलें, तें योग्यच झालें. तेवढ्यावरून हा कर्करोग सुश्रुतास ठाऊक होता असें म्हणणें मात्र धाडसाचें होईल. त्याचें वर्णन वार्धक्यांतील साध्या वाढीसही तितकेंच लागू पडतें. अधिक विचार करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. अर्बुदाचीं लक्षणें देतांना सुश्रुत तें हळूहळू वाढतें व पिकत नाहीं असें सांगतो. आणि चिकित्सेच्या प्रकरणीं, अर्बुदाचा अवशेष राहिला तर तें लवकरच पुन्हां उद्भवतें, असा इशारा देतो. रोग मंद आहे हेंही खरें, आणि शेष ठेवूं नये हेंही खरें. ह्या दोन वचनांमधली ओढाताण तीच आजच्या वादांतली ओढाताण आहे.

चरकानें रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि अनुपक्रम असे भेद केले आहेत. ह्यांतला याप्य हा भेद मार्मिक आहे. जो रोग समूळ जात नाहीं, पण पथ्य व उपाय चालूं असेपर्यंत मनुष्यास जगूं देतो, तो याप्य. रोग बरा करणें आणि रोग्यास हतबल सोडून देणें ह्यांच्या मध्यें एक तिसरी वाट आहे, ही जाणीव त्यांत आहे. आजच्या पाळतीला याप्य हें नांव देण्याचा मोह होतो. पण तो आवरावयास हवा, कारण ज्या रोगावर आपण पाळत ठेवतों तो बरा होण्यासारखा असतो, आणि कित्येकदां त्यास बरें करण्याची गरजच पडत नाहीं. ग्रीकांच्या हिपॉक्रेटिसच्या नांवावर असलेल्या सूत्रांतही गुप्त कर्करोगास हात न लावणें बरें असें मत आहे. परंतु ह्या सर्व प्राचीनांच्या थांबण्यांत असहायतेचा भाग मोठा होता. ज्याच्या हातीं तरवारच नाहीं त्याच्या अहिंसेची परीक्षा कशी व्हावी? हात आवरण्यास अर्थ येण्यासाठीं आधीं हातांत बळ यावें लागतें. तें बळ येण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

इ. स. १८५३ च्या १६ एप्रिलास बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हें आमच्याकडील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याच वर्षीं लंडन हॉस्पिटलचे सर्जन जॉन ॲडम्स ह्यांनीं अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचा सूक्ष्मदर्शकानें पारखलेला पहिला रोगी जगापुढें मांडला, आणि हा रोग फार दुर्मिळ आहे असा शेरा मारला. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें होतें. भाऊ दाजींसारखे त्याचे पहिले पदवीधर १८५१ सालीं बाहेर पडले होते. त्यांच्या हयातींत ह्या रोगाची गणना अशी अपूर्वाईच्या वस्तूंत होत होती. ॲडम्सचा शेरा चुकीचा होता, पण अप्रामाणिक नव्हता. त्या काळीं माणसें म्हातारपण गांठण्यापूर्वींच पटकी, देवी, ताप ह्यांनीं मरत. जे म्हातारे होत त्यांची लघवी तुंबली तर तें वयाचें मानलें जाई. आणि मेल्यावर आंत काय होतें हें कोणी पाहत नसे. न पाहिलेला रोग दुर्मिळच असतो.

पुढील पन्नास वर्षांत भूल आणि जंतुनाशकें ह्यांच्या जोरावर शस्त्रवैद्य देहांत खोल शिरूं लागले. १९०४ सालीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत ह्यू यंग ह्यांनीं कर्करोगासाठीं ही सबंध ग्रंथि काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. १९४१ सालीं शिकागोचे चार्ल्स हगिन्स आणि त्यांचे सहकारी हॉजेस ह्यांनीं दाखविलें कीं, हा कर्करोग पुरुषाच्या स्वतःच्या अंतःस्रावावर पोसला जातो. तो स्राव तोडला तर पसरलेला रोगही कांहीं काळ ओसरतो. ह्या शोधाबद्दल हगिन्स ह्यांना १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच १९४१ सालच्या २८ फेब्रुवारीस मुंबईस परळ येथें टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलें, आणि महाराष्ट्रांतील कर्करोग्यास जावयास एक पत्ता मिळाला. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनीं वाहिली. लोकांच्या संवयी व राहणी ह्यांचा कर्करोगाशीं काय संबंध आहे ह्याचा त्यांनीं जो शोध घेतला त्यांतून एक गोष्ट आमच्या वैद्यकांत रुजली: कर्करोग हें एकच नांव असलें तरी तो सगळीकडे एकसारखा वागत नाहीं.

ह्या वादाची खरी सुरुवात मात्र रुग्णालयाच्या शवागारांत झाली. जेथें यंगनें ग्रंथि काढण्याचा पायंडा पाडला त्याच बाल्टिमोरच्या संस्थेंत आर्नोल्ड रिच ह्या विकृतिशास्त्रज्ञानें पन्नाशी उलटलेल्या पुरुषांचीं प्रेतें तपासलीं. हे पुरुष दुसऱ्याच कारणांनीं मेलेले होते. १९३५ सालीं त्यानें प्रसिद्ध केलें कीं, त्यांपैकीं शेंकडा १४ जणांच्या ग्रंथींत कर्करोगाच्या बारीक गांठी दडलेल्या होत्या. आणि त्यांची वार्ताही त्या माणसांना जन्मभर लागली नव्हती. १९५४ सालीं इंग्लंडांत फ्रँक्स ह्यांनीं हेंच अधिक बारकाईनें पाहिलें, आणि वय वाढेल तसें हें प्रमाण वाढत जातें असें दाखविलें. ॲडम्सचा दुर्मिळ रोग अशा रीतीनें शंभर वर्षांत जवळजवळ म्हातारपणाचा सोबती ठरला. ह्या रोगानें मरणारे थोडे. ह्या रोगासह जगून दुसऱ्या कशानें तरी मरणारे पुष्कळ.

येथें एक फार अवघड प्रश्न उभा राहिला. एकाच नांवाखालीं दोन वृत्तींचे रोग वावरत आहेत. एक हाडांत शिरून माणसास तळमळत मारतो. दुसरा वळचणीच्या पालीप्रमाणें वर्षानुवर्षें तेथेंच असतो. दोघांस वेगळें ओळखावें कसें? १९६६ सालीं अमेरिकेंतील मिनियापोलिसचे डॉनल्ड ग्लीसन ह्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं दिसणाऱ्या पेशींच्या रचनेवरून रोगाच्या उग्रतेचे अंक बसविले. ह्या अंकांची बेरीज ६ आली तर रोग सौम्य, आणि ८ ते १० आली तर उग्र, असा आजचा ढोबळ हिशोब आहे. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य विलेट व्हिटमोर ह्यांनीं तर आपल्या विद्येपुढें एक कोडेंच टाकलें. ज्यांस बरें करतां येतें त्यांस बरें करण्याची गरज असते काय, आणि ज्यांस गरज असते त्यांस बरें करतां येतें काय, असा त्याचा आशय होता. जन्मभर शस्त्र चालविलेल्या माणसानें स्वतःच्या शस्त्राविषयीं असें विचारावें, ह्यांत विद्येचें मोठेपण दिसतें.

कोडें सुटण्यापूर्वींच एक नवें साधन हातीं आलें. १९७९ सालीं अमेरिकेंतील बफेलो येथील संशोधकांनीं ह्या ग्रंथींतून पी. एस. ए. हें प्रथिन वेगळें केलें; पुढें तें रक्तांत मोजतां येऊं लागलें. १९८६ सालीं तेथील सरकारनें ह्या चाचणीस मान्यता दिली ती उपचार झालेल्या रोग्यांवर नजर ठेवण्यासाठीं. रोग हुडकण्यासाठीं मान्यता मिळाली ती १९९४ सालीं. डॉक्टरांनीं मधल्या वर्षांची वाट पाहिली नाहीं. धडधाकट माणसांचें रक्त तपासलें जाऊं लागलें. अंक वाढलेला दिसला कीं सुईनें ग्रंथीचे तुकडे काढले जाऊं लागले. आणि रिच ह्यास जें प्रेतांत सांपडलें होतें तें आतां चालत्याबोलत्या माणसांत सांपडूं लागलें. १९८६ पासून १९९२ पर्यंत अमेरिकेंत ह्या रोगाची नोंद जवळजवळ दुप्पट झाली. रोग तितका वाढला नव्हता; शोध वाढला होता. पी. एस. ए. तर केवळ कर्करोगानें वाढतो असेंही नाहीं. साध्या वाढीनें आणि जंतुदोषानेंही तो चढतो.

सांपडलेल्या रोगाचें काय करावयाचें, ह्याला त्या काळीं एकच उत्तर ठाऊक होतें. १९८२ सालीं बाल्टिमोरच्याच पॅट्रिक वॉल्श ह्यांनीं नाजुक मज्जातंतु वांचवून ग्रंथि काढण्याची युक्ति साधली होती, त्यामुळें धीर वाढला होता. पण युक्ति कितीही सुधारली तरी त्या जागेचा स्वभाव बदलत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना लघवी आवरत नाहीं, पुष्कळांचें दांपत्यसुख कायमचें जातें. किरणांच्या शेकानें आंतड्यांस त्रास होतो. मरणाचें भय टाळण्यासाठीं हें सोसणें वेगळें, आणि जो रोग कधींच डोकें वर काढणार नव्हता त्यासाठीं हें सोसणें वेगळें.

ह्या अवस्थेंत कांहीं वैद्यांनीं हिशोब मांडावयास घेतला. स्वीडन, फिनलंड व आइसलंड ह्या देशांत १९८९ ते १९९९ ह्या काळांत ६९५ रोगी घेऊन निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली व निम्म्यांना नुसतें लक्षांत ठेवलें; तेथें शस्त्रक्रियेनें मृत्यु कमी झाले. ताबडतोब उपचाराच्या पक्षाचा हा मोठा पुरावा आहे, आणि तो झटकून टाकतां येणार नाहीं. पण हे बहुतेक रोगी पी. एस. ए. चाचणीनें हुडकलेले नव्हते; गांठ हातास लागण्याइतकी वाढल्यावर किंवा त्रास होऊं लागल्यावर सांपडलेले होते. उलट अमेरिकेंत १९९४ ते २००२ मध्यें घेतलेल्या ७३१ रोग्यांत शस्त्रक्रियेचा तसा ठळक लाभ दिसला नाहीं. दरम्यान १९९५ सालीं टोरांटो येथें लॉरेन्स क्लॉट्झ ह्यांनीं तिसरी वाट धरली. सौम्य रोग असणाऱ्यांस नुसतें सोडून द्यावयाचें नाहीं. ठराविक मुदतीनें रक्त पाहावयाचें, सुईनें पुन्हां तुकडे काढून पाहावयाचें, आणि रोगानें कूस बदलली असें दिसतांच, बरा करण्याची वेळ टळण्यापूर्वीं, उपचार करावयाचा. वार्धक्यामुळें उपचार झेपणार नाहीं म्हणून स्वस्थ बसणें निराळें, आणि ही पाळत निराळी. पावसाळ्यांत खाचराच्या बांधाला पाझर दिसला म्हणून शेतकरी सारा बांध उकरीत नाहीं. पण रात्रीं हातांत बॅटरी घेऊन फेरी मारावयासही तो चुकत नाहीं.

सर्वांत मोठा हिशोब ब्रिटनमध्यें मांडला गेला. १९९९ ते २००९ ह्या काळांत ५० ते ६९ वर्षांच्या ८२,४२९ पुरुषांचें रक्त तपासलें. ज्यांच्यांत ग्रंथीपुरताच कर्करोग आढळला त्यांपैकीं १,६४३ जणांनीं आपली वाटणी नशिबावर सोपविण्यास संमति दिली. ५४५ जणांवर पाळत ठेवली, ५५३ जणांस शस्त्रक्रिया नेमून दिली, ५४५ जणांस किरणोपचार. पंधरा वर्षांचा निकाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या रोगानें एकूण ४५ माणसें दगावलीं: पाळतींत १७, शस्त्रक्रियेंत १२, किरणोपचारांत १६. शेंकड्याच्या भाषेंत तिन्हीकडे दोन-तीनच. आणि हा फरक यदृच्छेनें पडूं शकतो इतका लहान. दुसऱ्या कारणांनीं मेलेल्यांची संख्या ह्याच्या अनेकपट होती. ज्यांच्यावर पाळत होती त्यांपैकीं सुमारें एकचतुर्थांश पुरुष पंधरा वर्षांनंतरही कोणताही उपचार न घेतां जिवंत होते.

परंतु हा हिशोब अर्धाच वाचणें अन्यायाचें होईल. पाळतीच्या गटांत रोग दूरवर पसरलेले ५१ निघाले. शस्त्रक्रियेंत २६ आणि किरणोपचारांत २७. म्हणजे थांबणारांत रोग पसरण्याचें प्रमाण जवळजवळ दुप्पट, शेंकडा ९ च्या वर. उलट बाजूस, शस्त्रक्रिया नेमून दिलेल्यांपैकीं सहा महिन्यांनीं शेंकडा ४६ जणांना लघवी झिरपते म्हणून कापडाची वा कापसाची घडी वापरावी लागत होती, आणि सहा वर्षांनींही शेंकडा १७ जणांना. पाळतीच्या गटांत हेच आंकडे शेंकडा ४ आणि ८ होते. शिवाय ह्या प्रयोगांतले सगळेच रोगी सौम्य रोगाचे नव्हते, आणि तेव्हांची पाळत आजच्याइतकी कडक नव्हती; आज एम. आर. आय. ची मदत असते. तराजू दोन्ही बाजूंस जड आहे. एका पारड्यांत आजचा निश्चित त्रास. दुसऱ्यांत उद्यांचा अल्प पण खरा धोका आणि त्याच्या चिंतेचा नित्याचा सहवास. उग्र रोग असेल तर हा तराजू धरण्याचेंच कारण नाहीं. तेथें उपचार हवाच. सौम्य रोगांत मात्र रोग्याचें वय, त्याचे इतर आजार, घराण्याचा इतिहास आणि त्याच्या मनाची ठेवण ह्यांनीं पारडें झुकतें, आणि आजच्या तज्ज्ञांचें बहुमत अशा रोग्यांस आधीं पाळत सुचवावी ह्या बाजूचें आहे.

आतां हा तराजू किन्हवलीच्या बाजारांत आणून ठेवूं. १९६३ सालीं मुंबईंत इंडियन कॅन्सर सोसायटीनें कर्करोगाची लोकवार नोंद सुरू केली; आणि १९८७ सालीं सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें ग्रामीण भागाची अशी नोंद सुरू झाली. ह्या दोन नोंदी शेजारीं ठेवल्या तर अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग मुंबईच्या मानानें खेड्यांत पुष्कळच कमी दिसतो. त्यांत राहणीचा वांटा असेल, आयुर्मानाचा असेल. पण ॲडम्सचा शेरा ज्यास आठवतो तो हेंही विचारल्यावांचून राहणार नाहीं कीं, खेड्यांत रोग कमी आहे कीं पाहणारा कमी आहे? आपल्या देशांत ह्या रोगाचे पुष्कळ रोगी येतात ते कंबरेच्या हाडांत कळा सुरू झाल्यावर. त्यांच्यापुढें थांबावें कीं शस्त्र चालवावें हा प्रश्नच उरत नाहीं. निवड करण्याची वेळ निघून गेलेली असते.

म्हणजे पाश्चात्त्यांचें दुखणें अति उपचाराचें, आणि आमच्या खेड्यांचें अति उशिराचें. पण हल्लीं हीं दोन्ही दुखणीं एकाच घरांत नांदूं लागलीं आहेत. कल्याण-डोंबिवलीस नोकरी करणारा मुलगा गांवच्या निवृत्त वडिलांस सगळ्या देहाची एकदम तपासणी करून देतो. त्या तपासण्यांच्या यादींत पी. एस. ए. असतो, अंक चढलेला निघतो. त्याच पाड्यावरचा दुसरा म्हातारा मात्र लघवीची नळी घालण्याची पाळी येईपर्यंत कोणास दाखवीत नाहीं. पहिल्यास थांबण्याची विद्या हवी, दुसऱ्यास घाई करणारा कोणी तरी हवा. एकाचा सल्ला दुसऱ्यास दिला तर दोघांचाही घात होईल.

पहिल्या गृहस्थाचाच विचार करूं. त्यास पाळतीचा सल्ला मिळाला. परळच्या डॉक्टरांच्या दृष्टीनें पाळत म्हणजे वर्षांतून दोन वेळां रक्त, मधून मधून एम. आर. आय., कांहीं वर्षांनीं पुन्हां सुई. किन्हवलीच्या माणसाच्या दृष्टीनें त्याच पाळतीचा अर्थ असा: पहांटे एस. टी. नें किंवा जीपनें आसनगांव गांठावें, तेथून सुमारें दोन तास लोकलनें जावें, बरोबर एक माणूस घ्यावें, त्याचा रोज बुडवावा, दिवसभर रांगेंत बसावें आणि रात्रीं परत यावें. आणि हें एकदां नव्हे, आयुष्यभर. लावणीच्या दिवसांत तारीख आली तर ती चुकणार. एक तारीख चुकली कीं दुसरी चुकते. दुखत तर कांहींच नसतें. आणि मग कागदावर पाळत म्हणून लिहिलेली गोष्ट प्रत्यक्षांत उपेक्षा होऊन बसते. शस्त्रक्रिया एकदां झाली कीं तिच्यापुढचा बराच भार रोग्याच्या देहावर पडतो. पाळतीचा सगळा भार त्याच्या येण्याजाण्यावर पडतो. म्हणून किन्हवलीच्या तराजूस अंतराचें एक तिसरें पारडें आहे, आणि तें ब्रिटनच्या हिशोबांत नव्हतें.

तेवढ्यावरून, दूर राहतो म्हणून ह्याची ग्रंथि काढूनच टाका, असें अनुमान काढलें तर तो न्याय होणार नाहीं. अंतराची शिक्षा देहास कां? हें तर्कशास्त्र आडमार्गीं कित्येकदां चालतें. महाराष्ट्रांत २०१२ पासून सुरू झालेली आणि २०१७ सालीं महात्मा ज्योतिराव फुल्यांचें नांव लाभलेली आरोग्य योजना गरिबांस मोठा आधार देते, ह्यांत शंका नाहीं. पण तिचा सांगाडा मुख्यतः ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि ठरलेले उपचार ह्यांच्या खर्चाचा आहे. कापण्याचा खर्च मोजतां येतो. वर्षानुवर्षें लक्ष ठेवण्याचा खर्च त्या सांगाड्यांत सहज बसत नाहीं, आणि प्रवासाचा व बुडालेल्या रोजाचा तर मुळींच नाहीं. ज्या गोष्टीस पैसे मिळतात ती गोष्ट वाढते, हा नियम वैद्यकासही चुकलेला नाहीं. त्या मानानें उपाय फार खर्चाचा नाहीं. सहामाही रक्त शहापूर किंवा मुरबाड येथें काढतां येईल. अंक मोठ्या रुग्णालयास कळवितां येईल. दूरध्वनीवरून डॉक्टरांचें मत घेतां येईल. आणि रोग्यानें परळची वाट धरावी ती एम. आर. आय. व सुई ह्यांच्यापुरतीच. तानसा, वैतरणा आणि भातसा ह्यांचें पाणी शहापूरच्या मुलखांतून मुंबईस नेण्याची सोय जर शंभरांहून अधिक वर्षें चालत आली आहे, तर मुंबईच्या वैद्यांचें लक्ष उलट वाटेनें ह्या मुलखांत आणण्याची सोय अशक्य आहे असें कोण म्हणेल?

दुसरी अडचण मात्र सरकारची नाहीं, ती आमच्या घरांतली आहे. आमच्याकडे रोग्यापासून रोगाचें नांव लपविण्याची चाल आहे. डॉक्टरांस बाहेर गांठून मुलगा सांगतो, बाबांना कळूं देऊं नका. ह्या लपविण्यांत प्रेम असतें हें आम्ही जाणतों. शस्त्रक्रियेच्या बाबतींत हें कसेंबसें निभतेंही. गांठ होती, काढली, असें सांगून वेळ मारून नेतां येते. पाळतीच्या बाबतींत तें निभत नाहीं. ज्यास आपणांस काय आहे हेंच ठाऊक नाहीं तो सहा महिन्यांनीं कशाला जाईल? पाळत ठेवण्यांत अर्धा वांटा रोग्याचा असतो. तो वांटा उचलण्यासाठीं त्यास सत्य सांगावें लागतें, आणि सांगतांना तें भयाच्या शब्दांतून सोडवूनही सांगावें लागतें. ह्याच अडचणीमुळें २०२२ सालीं शिकागो येथील कांहीं तज्ज्ञांनीं असा विचार मांडला कीं, अति सौम्य अवस्थेस कर्करोग हें नांवच देऊं नये; नांवाच्या धसक्यानें माणसें नको तें कापून घेतात. विरुद्ध पक्षाचें म्हणणें असें कीं, नांव काढून टाकलें तर पुन्हां तपासावयास कोणी येणार नाहीं. आम्हांस दुसरा पक्ष अधिक व्यवहारी वाटतो. परंतु ह्या नांवाचे दोन अर्थ आहेत हें घरांतल्या प्रत्येकास, विशेषतः सोबत जाणाऱ्या पत्नीस, समजावून देण्याची जबाबदारी मग डॉक्टरांवर येते. दांपत्यजीवनाशीं ज्याचा इतका निकट संबंध, त्या निर्णयांत तिचें मत मुलांच्या मागून विचारलें जावें हें बरें नव्हे.

ह्या इतिहासावरून आम्हांस एवढें दिसतें: प्राचीनांनीं हात आवरला तो उपाय नव्हता म्हणून; विसाव्या शतकानें हात चालविला तो उपाय सांपडला म्हणून; आणि आजचा वैद्य हात आवरतो तो आपल्या उपायाची किंमत रोग्यास किती पडते हें त्यानें मोजलें म्हणून. ही तिसरी पायरी ज्ञानाची आहे. पण ती टिकण्यास तीन गोष्टी लागतात: रोग खरोखरच सौम्य आहे ह्याची नीट केलेली परीक्षा, रोग्यास सांगितलेलें सत्य, आणि त्याला परत येतां येईल अशी वाट. पहिली गोष्ट डॉक्टरांच्या हातीं आहे, दुसरी कुटुंबाच्या, आणि तिसरी समाजाच्या. ह्यांपैकीं एक जरी नसली तरी थांबा म्हणणारा डॉक्टर आणि सोडून देणारा डॉक्टर ह्यांत किन्हवलीच्या माणसास फरक दिसणार नाहीं. आणि त्याला तो दिसला नाहीं तर दोष त्याच्या अडाणीपणाचा मानतां येणार नाहीं. तिन्ही असतील तेथें मात्र त्या गृहस्थास आपल्या भाताच्या खाचरांत आणि नातवंडांत कित्येक पावसाळे सुखानें काढतां येतील. आणि शस्त्राची वेळ आलीच तर ती त्यास वेळेवर कळेल.